शनिवारचं पाणी

“पेणकर भाव, ह्ये काय करताव?”

करवत डाळिंबाच्या खोडात अर्धी गेली होती आणि तिथंच अडकून बसली होती. ती पुढेही जाईना आणि मागेही येईना. राफेल पेणकरांनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला आणि मान वर केली. गच्चीच्या दारात वेणूबाई उभ्या होत्या, कमरेवर सुक्या जवळ्याची परात. समोरच्या फ्लॅटमधल्या या बाई सुकट वाळत घालायला रोज याच वेळी वर येतात, हे पेणकर साफ विसरले होते.

“बोन्साय,” पेणकर म्हणाले.

“काय?”

“बोन्साय. झाड लहान करतोय. ट्रेमध्ये मावेल एवढं.”

वेणूबाईंनी परात खाली ठेवली. डोक्याहून उंच झाडाचा आता कमरेएवढा बुंधा उरला होता, आणि करवत त्याच्याही खाली लागली होती. छाटलेल्या फांद्या पायाशी पडल्या होत्या. त्यातल्या एका फांदीवर दोन लालभडक फुलं होती.

“वैनीला इचारलात?”

“तिला सरप्राइज द्यायचंय.”

“हां,” वेणूबाई परातीतला जवळा पसरत म्हणाल्या, “सरप्राइज त व्हईलच.”

वास्तविक पेणकर काही आततायी गृहस्थ नव्हेत. तळोज्याच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात त्यांनी जन्म काढला. दोन मजली बॉयलर कागदावर तळहाताएवढा करायचा, आणि तोही असा की खाली वर्कशॉपमध्ये कुणाला शंका विचारायला वर यावं लागू नये. “पेणकरांची रेघ आहे, डोळे मिटून कापा,” असं तिथले फिटर म्हणत. घरात मात्र त्यांनी इकडची काडी तिकडे केली नव्हती. घर बायकोचं, म्हणजे हेप्झिबाचं. त्यात आपण लुडबुड केली नाही हा आपला चांगुलपणा, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्यांची मुलगी लियोरा लग्न होऊन इस्रायलला, लोदला गेली होती. तिला बाळ व्हायचं होतं म्हणून हेप्झिबा तिकडे निघाली. लग्नानंतर एवढे दिवस नवऱ्याला सोडून ती कधी राहिली नव्हती. औषधं, दूधवाला, गॅस यांतलं काहीही तिनं नवऱ्याला सांगितलं नाही. ते सगळं तिनं वेणूबाईंना सांगून ठेवलं होतं. विमानतळाच्या दारात बॅग हातात घेताना ती एवढंच म्हणाली, “दोनच गोष्टी सांगते. शब्बाथ पाळा. आणि माझ्या डाळिंबाला पाणी घाला.”

“बस, एवढंच?”

“एवढं करा, पुष्कळ झालं.”

शब्बाथचं तिनं मुद्दाम सांगितलं, त्याला कारण होतं. शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम करायचं नाही, विस्तव पेटवायचा नाही, हे त्यांच्या ज्यू समाजात लहान पोरालाही ठाऊक. पण कारखान्याला शनिवारी सुट्टी नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी हेप्झिबा दिवा लावायची, काळ्या मनुकांचं शरबत पेल्यात ओतायची, पेणकर त्यावर किद्दुशची प्रार्थना म्हणायचे आणि सकाळी डबा घेऊन कंपनीच्या बसमध्ये बसायचे. डबा तिनं शुक्रवारीच भरून ठेवलेला असायचा. “आज तरी राहा घरी,” असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. रिटायर झाल्यावर प्रार्थनेला दहा पुरुष पुरे पडावेत म्हणून पेणकर शनिवारी सकाळी सिनेगॉगला जाऊ लागले खरे, पण घरी आले की पहिला टीव्ही लावायचे. हेप्झिबा तोंड फिरवून बसायची.

आणि डाळिंबाचं म्हणाल, तर ते तिच्या संसाराएवढं जुनं. नव्या वर्षाच्या सणाला, रोश हशानाला, ताटात डाळिंब लागतं. जेवढे दाणे तेवढी पुण्यं पदरी पडोत, असं म्हणून खायचं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाच्या डाळिंबाचं बी तिनं पनवेलच्या लाइन आळीतल्या बैठ्या घराच्या मोरीबाहेर टोचलं होतं. बियाचं झाड; फळ लिंबाएवढं आणि चव अशी की खाणारा एक डोळा मिटून घेई. पण दर सणाला त्यातलं एक ताटात असायचंच. घर पाडून बिल्डिंग झाली तेव्हा तिनं ते झाड मुळासकट ड्रममध्ये घालून गच्चीवर आणलं. बिल्डरचा माणूस म्हणाला, मरेल. ते जगलं.

आता सोसायटीनं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढलं होतं. चेअरमन हरेशनं पावसाआधी सगळे ड्रम हलवा म्हणून सांगितलं. वेणूबाईंनी त्यावर साधा उपाय काढला होता. “आमच्या वाडीत न्या की. कर्नाल्याच्या अंगाला हाय. जमिनीत लागंल, मोकलं व्हईल. वैनी आली की बघाया जाईल.”

“बघू,” पेणकर म्हणाले होते.

बघू म्हणाले, कारण तोवर त्यांनी दुसरंच बघून ठेवलं होतं. तलावाजवळच्या हॉलमध्ये बोन्सायचं प्रदर्शन लागलं होतं, तिथं ते उन्हातून सावलीला म्हणून शिरले आणि वीतभर वडासमोर उभे राहिले. खरा वड. पारंब्यांसकट. आयुष्यभर मोठ्याचं लहान करण्यात घालवलेल्या माणसाला आणखी काय हवं? हे तर आपलंच काम, असं त्यांना वाटलं. प्रदर्शन भरवणाऱ्या स्नेहलच्या क्लासला त्यांनी लगेच नाव घातलं. क्लासमध्ये बाकी सगळ्या बायका, आणि पेणकर पट्टी-पेन्सिल घेऊन पहिल्या रांगेत.

“पहिलं झाड नर्सरीतलं साधं रोप घ्या,” स्नेहलनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “मेलं तर मेलं. सगळ्यांची पहिली मरतात, माझीही मेली. जीव जडलेलं झाड पहिल्यांदा घेऊ नका. आणि मुळांना हात पाऊस लागल्यावरच.”

पेणकरांनी ते ऐकलं. ते त्या बायकांना उद्देशून आहे, असं त्यांना वाटलं. पाऊस लागेपर्यंत हरेश थांबणार नव्हता, आणि पाऊस लागल्यावर हेप्झिबा यायची होती. ती दारातून आत येईल आणि खिडकीत तिचंच डाळिंब, दीड हाताचं, देखणं! तिनं म्हणावं, “अहो, हे तुम्ही केलंत?” एवढं एक वाक्य त्यांना आयुष्यात ऐकायचं होतं.

मग काय, ट्रेसिंग पेपर निघाला. झाडाचा समोरचा देखावा, वरून दिसणारा नकाशा, फांद्या पंचेचाळीस अंशात. वेणूबाईंच्या मुलाकडून, भावेशकडून, करवत आणली. ती अडकलेली करवत शेवटी सुटली आणि खोड कापलं गेलं. ड्रम आडवा करून मातीचा गड्डा बाहेर काढला तेव्हा आत मुळं ड्रमच्या आकारात गोल गोल फिरलेली होती. मधलं सोटमूळ मनगटाएवढं. ते कापताना पेणकरांचा हात एकदा थबकला. आतून ते पिवळट, ओलं होतं. पण नकाशा तयार होता, आणि नकाशा तयार असताना काम थांबवायची त्यांना सवय नव्हती. जखमांना त्यांनी हळद भरली. उरलेल्या तीन फांद्यांना तांब्याची तार गुंडाळली, ड्रॉइंगचा गुण्या लावून कोन जुळवला, पसरट ट्रेमध्ये जाळी, विटांचे खडे, माती घालून झाड बसवलं आणि ट्रे खाली आणून बाल्कनीच्या ग्रिलमध्ये ठेवला.

दोन पावलं मागे सरून पाहिलं, तर ते खरोखरच सुंदर दिसत होतं. जुनं वळलेलं खोड, त्यावर मोजकी पानं. पेणकर त्या दिवशी जेवायचं विसरले.

फोटो पाहून स्नेहलचा लगेच फोन आला. “काका, हे नर्सरीतलं नाही.”

“घरचं आहे. मिसेसचं.”

“बरं. झालं ते झालं. आता ऐका. ऊन नको. सकाळ-संध्याकाळ पाणी. ट्रेमध्ये माती चार बोटं आहे, ती ड्रमसारखी ओल धरणार नाही. मुळंही नाहीत आता त्याला. या उन्हात एक दिवस चुकलं तर संपलं.”

“नाही चुकणार,” पेणकर म्हणाले.

नाही चुकले. शुक्रवार संध्याकाळपर्यंत.

शुक्रवारी सूर्य कलल्यावर त्यांनी हेप्झिबा करायची तसं झाडाला भरपूर पाणी घातलं. ते ट्रेच्या भोकांतून खालच्या ताटलीत उतरलं. दिवा लावला. वाण्याकडच्या मनुका भिजवून कुस्करून शरबत केलं, ते नुसतं गढूळ पाणी झालं, तरी त्यावर किद्दुश म्हटला. एकट्यानं म्हणताना आवाज घरभर घुमला. हा शब्बाथ आपण पुरता पाळायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं. टीव्ही नाही, गॅस नाही, काही नाही. एवढे शनिवार कंपनीला दिले, एक तरी तिला देऊ.

शनिवारी सिनेगॉगमधून परतले तेव्हा दुपार होत आली होती. बाल्कनीत पाऊल टाकलं आणि फरशीचा चटका बसला. पानं खाली वाकली होती. माती ट्रेच्या कडांपासून सुटून मध्ये गोळा झाली होती.

मोरीतली बादली भरलेली होती. तांब्या तिच्यावर होता. पेणकर मोरीच्या दारापर्यंत गेले आणि उभे राहिले. झाडाला पाणी घालणं हे काम. शब्बाथला काम नाही. तिनं दोनच गोष्टी सांगितल्या होत्या आणि त्या दोन्ही आता एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. पेणकरांना रडू यायचंच बाकी होतं.

मग त्यांना वेणूबाई आठवल्या. हेप्झिबा असताना दर शनिवारी दुपारी वेणूबाई न सांगता आत यायच्या, गॅस पेटवायच्या, चहा टाकायच्या, पंखा लावायच्या आणि तासभर गप्पा मारून जायच्या. हेप्झिबा कधी “करा” म्हणायची नाही आणि त्या कधी विचारायच्या नाहीत. आता घरात एकटा पुरुष, म्हणून त्या उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या. पण दारात जाऊन नुसतं “झाड सुकायला लागलं हो,” एवढं बोललं असतं तरी काम झालं असतं. पेणकरांनी कडीला हात लावला. समोरच्या दारामागून वेणूबाईंचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं. कुणाशी तरी फोनवर बोलत होत्या. आणि पेणकरांच्या डोळ्यांसमोर ती गच्चीवरची परात आली. “वैनीला इचारलात?” आता त्या म्हणणार, मी म्हनलंच व्हतं, वाडीत न्या.

त्यांनी कडीवरचा हात काढून घेतला.

हे त्यांनी पुढे कित्येकदा स्वतःशी उगाळलं. शब्बाथ आडवा आला नव्हता. स्वतःचा तोरा आडवा आला होता. शब्बाथला त्यांनी फक्त पुढे केलं.

संध्याकाळी ते भरलेला तांब्या पायाशी ठेवून बाल्कनीत उभे राहिले. तीन चांदण्या दिसल्या की शब्बाथ संपतो. पण पनवेलच्या आभाळात आता चांदण्या शोधाव्या लागतात. समोरच्या टॉवरचे दिवे, धूळ, मळभ. एक दिसली, ती सरकायला लागली, विमान निघालं. अखेर तिसरी दिसली की दिसल्यासारखी वाटली, देव जाणे. पेणकरांनी तांब्या उपडा केला. पाणी मातीवर थांबलंसुद्धा नाही. कडेच्या फटीतून सरळ खाली गेलं.

दुसऱ्या दिवशी पानाला बोट लावलं तर ते पापडासारखं मोडलं.

इथून पुढे खोटं बोलणं सुरू झालं. ज्याला सवय नसते त्याचं खोटंही ओबडधोबड असतं. हेप्झिबा व्हिडिओवर यायची, मांडीवर नातू, नोम त्याचं नाव. “अहो, वर जा ना, डाळिंब दाखवा याला.” गच्चीवर रेंज नाही. दुसऱ्या दिवशी, गच्चीला कुलूप आहे. तिसऱ्या दिवशी पेणकरांनी गेल्या वर्षीचा फोटो पाठवला.

“फुलं आली असतील ना? या दिवसांत येतात.”

“आली होती,” पेणकर म्हणाले. “दोन.”

एवढं मात्र खरं होतं. ती खूश झाली. नोमच्या कानाशी वाकून “तुझ्या आजीच्या झाडाला फुलं आली रे,” असं म्हणाली, आणि पेणकरांना फोन फेकून द्यावासा वाटला.

एकदा जिन्यात वेणूबाई आडव्या आल्या. “वैनीचा फोन आलता. मी उचलला नाय.”

“का?”

“खोटं मना जमत नाय. आन खरं सांगाया तोंड नाय. करवत आमच्याच घरची.” त्यांनी पेणकरांच्या खांद्यावरून आत, बाल्कनीकडे एक नजर टाकली. तिथं तार गुंडाळलेल्या तीन काटक्या पंचेचाळीस अंशात उभ्या होत्या. “शनवारी एक हाक मारली असतीत त मी घातला नसता का पानी?”

“हो.”

“मंग?”

पेणकरांनी दार मागे ओढून घेतलं. “मी म्हनलंच व्हतं” हे शब्द वेणूबाईंनी उच्चारले नाहीत. त्या पिशवी सावरून खाली उतरल्या.

स्नेहल येऊन पाहून गेली. तिनं खोडाची साल नखानं खरवडली. वर तपकिरी, कोरडं. अगदी बुडाशी खरवडल्यावर जरा हिरवट वाटलं. तिला वाटलं, पेणकरांना वाटलं नाही. “पाणी चालू ठेवा,” ती म्हणाली. “सहा महिनेसुद्धा लागतात कधी कधी. नाही म्हणजे नाहीच असंही होतं.”

सहा महिने. हेप्झिबा तर जुलैत यायची होती.

आणि नेमका त्याच आठवड्यात लियोराचा फोन आला. “पप्पा, एक विचारू? मम्मी सणांपर्यंत राहिली तर? रोश हशाना इकडेच होईल. मावशी पण म्हणतेय. मला थोडी हेल्प होईल. पण मम्मी म्हणते, पप्पांना विचारूच नकोस, त्यांना चालणार नाही.”

“राहू दे,” पेणकर म्हणाले.

“काय?”

“राहू दे की. खुशाल राहू दे तिला. तिकीट पुढं ढकला.”

पेणकरांच्या डोळ्यांसमोर मात्र त्या तीन काटक्या होत्या. तेवढ्या मुदतीत कुठंतरी एक कोंब. एक पान. काहीतरी दाखवण्यासारखं.

त्याच संध्याकाळी हेप्झिबाचा फोन आला. व्हिडिओ नव्हता, साधाच. ती रडत होती.

“अहो, तुम्ही खरंच म्हणालात? स्वतःहून?”

“त्यात काय.”

“त्यात काय म्हणता! लियोरा म्हणाली, मागावं लागलं नाही, पप्पांनी लगेच हो म्हटलं.” तिनं नाक पुसलं. तिची भावंडं एकेक करून इस्रायलला गेली तेव्हा तिलाही जायचं होतं. पेणकर म्हणाले होते, आपलं सगळं इथंच आहे. त्यावर ती पुन्हा तो विषय बोलली नव्हती. “मी ताईला फोन केला. ती म्हणाली, राफेल असा आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, मला तरी कुठं होतं! एवढी वर्षं एका घरात राहिले आणि तुम्हाला ओळखलंच नाही म्हणायचं.”

पेणकर “हं, हं,” करत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी वाढून घेतलेलं ताट तसंच झाकून ठेवलं. झाड मारल्याचं दुःख होतंच, पण ते सोसता येत होतं. हे सोसवेना. जिनं आयुष्यात काही मागितलं नाही ती आज देवाचे आणि नवऱ्याचे आभार मानत होती, आणि नवरा काय करत होता, तर पुरावा लपवायला मुदत घेत होता. चोराला कुणी हार घालावा तशी त्यांची गत झाली. चार दिवस ते फोन आला की मोरीत जाऊन नळ सोडायचे आणि म्हणायचे, आंघोळीला होतो.

शुक्रवारी दिवस कलताना त्यांनीच फोन लावला.

“काय हो, आज तुम्ही?” ती आनंदानं म्हणाली. “शब्बाथची तयारी झाली?”

“हेप्झी, डाळिंब गेलं.”

“म्हणजे? कुणी नेलं?”

“मी कापलं. बोन्साय करायला. ड्रम हलवा म्हणाले... वेणूबाई म्हणत होत्या वाडीत न्या. मी नाही ऐकलं. तुला दाखवायचं होतं मला. लहान करून. मुळं कापली, ट्रेमध्ये लावलं, आणि वाळलं. तो फोटो गेल्या वर्षीचा होता.”

मागे कुठंतरी नोम रडत होता. कुणीतरी त्याला उचललं असावं, आवाज लांब गेला.

“मुळं कापलीत,” हेप्झिबा म्हणाली.

“हो.”

“फुलं?”

“फुलं होती. तेव्हाच.”

मग तिनं विचारलं, आणि पेणकरांना वाटलं हे तिनं विचारू नये, “आणि मला राहा म्हणालात ते?”

“त्याच्यासाठीच. तोवर फुटलं तर, म्हणून.”

फोन इतका वेळ गप्प राहिला की पेणकरांनी कानापासून दूर धरून बघितला. रेंज होती.

“मला एक सांगा,” अखेर तिचा आवाज आला. तो रडका नव्हता, नेहमीचाच होता. “पाणी घालत होतात ना?”

“दोन वेळा. फक्त शनिवारी नाही. शब्बाथ होता. तूच म्हणाली होतीस, पाळा.”

“अहो,” हेप्झिबा म्हणाली, “मी शनिवारी हात त्याच्यावरच धुवायचे.”

पेणकरांना नीट कळलं नाही.

“तांब्या घेऊन वर जायचे. भाकरीला हात लावायच्या आधी हात धुवायचे असतात ना, ते मी झाडाशी धुवायचे. हात धुवायला कुठं बंदी आहे? उन्हाळ्यात दोनदा धुवायचे. वेणू हसायची. म्हणायची, वैनी, किती येला धुवाल, कोपराची साल निगंल.”

“दर शनिवारी?”

“लाइन आळीत होतो तेव्हापासून. मोरीबाहेरच तर होतं ते.” ती थांबली. “तुम्ही कंपनीत असायचात. नंतर सिनेगॉगला.”

यात टोमणा नव्हता. तिनं फक्त सांगितलं. टोमणा असता तर पेणकरांनी तो धरून ठेवला असता, त्याच्या आधारानं काहीतरी बोलले असते.

“रागावलीस?”

“तुमच्याकडे सूर्य उतरला असेल. दिवा लावा जा.”

“हेप्झी, तुला यायचं असेल तर ये. जुलैतच ये. मी लियोराला सांगतो तिकीट...”

“तुम्ही नका सांगू,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण पेणकर बोलता बोलता थांबले. “तिकीट पुढं गेलंय. ते आता तसंच राहू दे. मला राहायचंय. तुम्ही कशासाठीही म्हणाला असाल, मला राहायचंच होतं.” मग थोड्या वेळानं, “ते फेकू नका. आल्यावर मी बघीन.”

“नाही फेकत.”

“शब्बाथ शालोम.”

“शब्बाथ शालोम,” पेणकर म्हणाले. तोवर तिनं फोन ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिनेगॉगला जायच्या आधी पेणकरांनी आदल्या दिवशीच्या भाकरीवरचा रुमाल बाजूला केला. मोरीतला तांब्या भरला आणि बाल्कनीत आले. ट्रेमधल्या काटक्यांवरची तार त्यांनी काल दिवा लावण्याआधीच सोडवून टाकली होती. सालीवर तिचे वळ राहिले होते. तार काढली तरी फांद्या त्याच कोनात उभ्या होत्या.

पलीकडच्या बाल्कनीत वेणूबाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी पेणकरांना पाहिलं, तांब्या पाहिला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग एक ओली साडी झटकून दोरीवर आडवी पसरली आणि तिच्या मागे गेल्या.

पेणकरांनी बाह्या कोपरापर्यंत सारल्या. ट्रेवर हात धरून आधी उजव्यावर पाणी ओतलं, मग डाव्यावर, परत उजव्यावर. आशीर्वादाचे शब्द त्यांना पाठ होते. ते हळू आवाजात म्हटले. पाणी बोटांवरून काटक्यांवर आणि मातीवर ठिबकत राहिलं.

हात स्वच्छ झाले होते. पेणकरांनी ते तसेच ओले ठेवले आणि तांब्या पुन्हा भरून आणला.